बदलीवरची भट्टी

बुधवार : चोर्ल्याच्या दरडी

बेळगावहून गोव्यात उतरायला वाटा बऱ्याच, पण अक्काकडे जायचं तर चोर्ला घाट सोयीचा. जांबोटी, कणकुंबी, मग घाट, खाली केरी, साखळी आणि डिचोली. अक्काने फोनवर बजावलं होतं, "बसमध्ये झोपू नकोस. रस्त्याच्या कापलेल्या दरडी बघत ये. माती कुठे बदलते ते मला सांग."

म्हणजे प्रवासाला निघायच्या आधीच गृहपाठ.

अक्का माझी मावसबहीण, माझ्याहून बरीच मोठी. तिचे वडील रेल्वेत. भुसावळ, दौंड, वाडी, हुबळी असं तिचं बालपण क्वार्टरांमधून गेलं. पुढे मुंबईला जे. जे.मध्ये सिरॅमिक्स, मग पुदुच्चेरी, मग हिमाचलात कांगड्यातलं आंद्रेटा, मध्ये जपानात माशिको, परत येऊन बेळगाव, आणि आता डिचोली आणि मये यांच्या मध्ये एक भाड्याचं कौलारू घर. दर दोन-तीन वर्षांनी ट्रंका भरणाऱ्या घरातल्या मुलीने एवढं जड आणि एवढं फुटणारं काम का पत्करावं, हे मावशीला शेवटपर्यंत उमगलं नाही.

यावेळी मला बोलावण्यामागे तिचा स्वार्थ होता. पणजीतल्या एका गॅलरीत तिचं प्रदर्शन ठरलंय आणि त्यांना तिच्याकडून दोनशे शब्दांचं टिपण हवं आहे. विषय त्यांनीच दिलाय : इतक्या ठिकाणी राहिल्याने तुमचं काम कसं घडलं? अक्काला लिहायचा कंटाळा. मी दिवाळी अंकांत अधूनमधून लिहिते, तेव्हा ते माझं काम. बदल्यात भट्टी लागताना बघायला मिळणार होती.

घाट उतरल्यावर दोन्हीकडे जांभा. साखळीच्या पुढे खाणींच्या टाकाऊ मातीचे ढीग दिसायला लागले, त्यांच्यावर आता झाडोरा माजलाय. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तरी रस्त्याकडेच्या पानांवरची तांबूस धूळ पुरती गेलेली नाही. डिचोलीच्या स्टँडवर अक्का स्कूटर घेऊन उभी होती. पहिला प्रश्न मातीचाच. मी म्हटलं, केरीच्या पुढे एकदम गडद झाली.

"ती बदलली नाही गं. लोखंड वाढलं."

संध्याकाळी तिने परसातली भट्टी दाखवली. आत वाकून बसता येईल एवढी, फायरब्रिकची, बाहेरून लोखंडी अँगलची चौकट आणि ती आवळून धरणारे रॉड. जवळ गेल्यावर लक्षात आलं की विटांच्या सांध्यांत काहीच भरलेलं नाही. सगळी भट्टी नुसती रचलेली. प्रत्येक विटेच्या बाहेरच्या तोंडावर गेरूने आकडा : भिंतीच्या विटांना थर आणि क्रमांक, कमानीच्या विटांना नुसता क्रमांक.

"खडूने लिहिलं तर पुसतं, रंगाने लिहिलं तर जळतं," अक्का म्हणाली. "गेरू म्हणजे लोखंडच. भाजलं की पक्कं होतं."

ही भट्टी पुदुच्चेरीत उभी राहिली, तिथून बेळगावला ट्रकने आली आणि बेळगावहून याच चोर्ला घाटाने खाली उतरली. प्रत्येक वेळी शेवटच्या आकड्यापासून पहिल्यापर्यंत उतरवायची आणि नव्या जागी पहिल्यापासून रचायची. अकरा महिन्यांच्या भाडेकराराची बाई पक्क्या बांधकामाची भट्टी बांधणार कशी? ही युक्ती ती कुठल्या गुरूकडून शिकली नाही. रेल्वे क्वार्टरमध्ये पलंगाच्या पायांना आणि दांड्यांना तिचे वडील असेच आकडे घालत.

गुरुवार : दोन फेऱ्या आणि एक निळा जिना

सकाळी स्कूटरवरून नार्वे. सप्तकोटेश्वराचं देऊळ वाटेवरच, म्हणून पाच मिनिटं टेकलो. देव मूळचा समोरच्या दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीज अमलात तिथलं देऊळ गेलं आणि देव नदीच्या अलीकडे आला. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. गोव्यात असे स्थलांतरित देव पावलोपावली भेटतात. मंगेश कुठ्ठाळीचा, राहतो प्रियोळला. शांतादुर्गा केळशीची, राहते कवळ्याला. पत्ता बदलला तरी नाव आणि भक्त तेच राहिले. अक्काला यात फारसा रस नव्हता, ती देवळाच्या पायऱ्यांचा चिरा नखाने खरवडून बघत होती.

नार्वे ते दिवाडी फेरीबोट, दिवाडीच्या खाजन शेतांमधून रस्ता, पलीकडे दुसरी फेरीबोट, की जुने गोवे. खाजन म्हणजे खाडीचं खारं पाणी बांध आणि मानशी (पाणी सोडायची दारं) घालून अडवलेली शेतं. भात केव्हाच कापून झालं होतं. एका बांधाशी अक्काने स्कूटर थांबवली आणि ओळखीच्या शेतकऱ्याकडून पेंढ्याच्या दोन पेंढ्या घेतल्या. कशाला, ते विचारल्यावर "शनिवारी बघ" एवढंच.

जुन्या गोव्यात बाकीचे लोक बासिलिकेकडे वळतात. आम्ही विरुद्ध बाजूच्या टेकडीवर, सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्याकडे. १६०२ मध्ये पुरा झालेला, जांभ्याचा, ४६ मीटर उंच. १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चची कमान कोसळली आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. उरलेला अर्धा मनोरा फोटोत फार छान येतो, पण अक्का तिथे जाते ती भिंतींच्या तळाशी उरलेल्या टाइल्स बघायला. निळ्या-पिवळ्या, कोपरे उडालेल्या, काही ठिकाणी नुसता चुना आणि टाइलचा चौकोनी ठसा.

मग तिने एक हिशेब मांडला, तो लिहून ठेवण्यासारखा आहे. पांढऱ्या झिलईत कथील घालून ती दाट करायची आणि तिच्यावर रंगवायचं, हे तंत्र इस्लामी मुलखातून स्पेनमध्ये आणि तिथून पुढे पोर्तुगालमध्ये गेलं. सतराव्या शतकात पोर्तुगीज टाइल्स निळ्या-पांढऱ्या व्हायला लागल्या, त्याचं एक मोठं कारण चिनी पोर्सिलेनची हौस. ते पोर्सिलेन कोणत्या बंदरातून लिस्बनकडे जात होतं? गोव्यातून. म्हणजे चीनचा निळा गोव्यावरून लिस्बनला गेला, तिथल्या मातीवर नक्कल होऊन बसला आणि टाइल होऊन परत इथे आला.

"आणि यातली एकही वस्तू इथल्या मातीची नाही," अक्का म्हणाली. "इथून नुसती गेली आणि आली."

दुपारी पणजी. आझाद मैदानाजवळच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझामध्ये शिरलं की जिन्याभोवतीच्या भिंती निळ्या टाइल्सनी भरलेल्या आहेत. ही संस्था १८७१ ची, तेव्हा तिला वास्को द गामाचं नाव होतं. टाइल्स १९३५ च्या, चित्रकार जोर्जे कोलासो. विषय पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातला : वास्कोची सफर, समुद्र, देवदेवता. चितारलेली माणसं भारतात पोहोचतात, पण बघताना सतत जाणवतं की हा भारत कुणीतरी पुस्तकातून पाहिलेला आहे.

कोलासोचा जन्म १८६८ मध्ये मोरोक्कोतल्या तांजियरचा, कारण वडील तिथे पोर्तुगालचे राजनैतिक प्रतिनिधी. शिक्षण लिस्बन, माद्रिद आणि पॅरिस. पोर्तो शहराच्या साँव बेंतू रेल्वे स्थानकातल्या सुमारे २०,००० टाइल्स त्याच्याच. म्हणजे हाही सरकारी नोकरीवाल्या बापाचा मुलगा आणि याचंही मोठं काम रेल्वे स्टेशनात! मला वाटलं, टिपणाची सुरुवात सापडली.

अक्काने ती लगेच मोडीत काढली. "हा टाइलवर चित्रं काढणारा माणूस. हात फार मोठा, त्यात वाद नाही. पण टाइल त्याच्यासाठी कागद आहे. तांजियरची माती, पॅरिसची माती, त्याला फरक पडत नव्हता. माझी अडचण वेगळी आहे. मला जी माती मिळेल ती काय करू देईल तेवढंच मी करू शकते."

गॅलरीतली भेट लवकर आटोपली. तिथली मुलगी हुशार आणि नम्र होती. तिने विनंती केली की टिपणात समुद्र यावा, कारण लोक गोव्यात समुद्र शोधत येतात. "शिवाय ताई, तुमच्या बोलमधला तो हिरवा रंग म्हणजे अगदी हिमाचलचं जंगल." अक्का हसली. बाहेर आल्यावर म्हणाली, तो हिरवा म्हणजे राखेतला चुना आणि अर्धा टक्का लोखंड, धुराच्या भट्टीत. जंगल आंद्रेट्याला होतं, पण तिथे तिने हा हिरवा कधी काढलाच नव्हता.

फोंतेन्हासमधून परतलो. दारोदारी नावांच्या निळ्या पाट्या, दुकानांत मारिओ मिरांडांच्या व्यंगचित्रांच्या टाइल्स. गोव्यात पहिल्या वर्षी भाडं निघेना म्हणून अक्कानेही माशांच्या आकाराच्या बशा केल्या होत्या. भराभर खपल्या. त्याबद्दल तिला लाजही नाही आणि अभिमानही नाही.

शुक्रवार : म्हापशाचा बाजार, कुंभारवाडा

शुक्रवार म्हणजे म्हापसा. चणाडाळीपासून चौरिसापर्यंत सगळं ओलांडून आम्ही मडक्यांच्या रांगेपाशी. हुमण म्हणजे माशाचं कालवण शिजवायची कुंडली, पाण्याचे माठ, झाडाच्या कुंड्या, तुळशीवृंदावनं, पैसे साठवायच्या मातीच्या पेट्या. अक्का एकेक मडकं उचलून बोटाच्या पेराने वाजवते आणि कान देते. तिने एक कुंडलं घेतलं, भाव केला नाही.

दुपारी डिचोलीत एका कुंभार काकांकडे. घरात मराठी वर्तमानपत्र, भिंतीवर दशावतारी नाटकाचा जुना फोटो, बोलणं अर्धं मराठी अर्धं कोकणी. काका घुमटाची खोळ चाकावर काढत होते. घुमट म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेलं मडकं, एक तोंड रुंद, एक अरुंद, मध्ये फुगीर. रुंद तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं ताणत. घोरपडीला कायद्याचं संरक्षण आलं तसं ते बंद झालं, आता बकऱ्याचं. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. मागणी वाढली का, या माझ्या प्रश्नावर काका म्हणाले, "चवथीच्या अगोदर दोन म्हयने वाढता. मागीर परत कुंड्या."

माती शेतातली. वरची तांबडी बाजूला काढायची, खालची करडी चिकण घ्यायची, पावसाआधी काढून साठवायची, कारण एकदा पाऊस लागला की शेतात पाय ठेवता येत नाही आणि मडकीही सुकत नाहीत. भाजल्यावर ती करडी माती तांबडी होते. भट्टी हजाराच्या आतबाहेर. त्याच्या वर गेली की भांडं बसतं.

इथेच अक्काच्या आणि काकांच्या वाटा फुटतात. तिचं स्टोनवेअर (उंच तापात भाजलेली टणक भांडी) १२८० अंशांच्या आसपास पिकतं. त्या तापात डिचोलीची माती तग धरत नाही, वितळते. सुरुवातीला ती हट्टाने या मातीची भांडी करायला गेली आणि भट्टीच्या फळीवर तपकिरी काचेची थारोळी मिळाली. मग तिने ती थारोळीच वापरायला घेतली. थानगढ आणि बिकानेरकडून येणाऱ्या मातीचं भांडं, आणि त्याच्यावर डिचोलीची माती राख मिसळून पातळ करून झिलई म्हणून. काकांचं जे मडकं, ती अक्काची चकाकी. तापमान बदललं एवढंच.

काकांनी तिचे दोन वाडगे हातात घेतले, उलटे केले, आतली गोल रेघ बघितली आणि विचारलं, "ही दोगांची कामां?"

मला काही कळेना. अक्का मात्र खूश झाली. पुदुच्चेरीत ती चाक एका दिशेने फिरवायला शिकली. जपानात चाक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं, तिथे सगळं पुन्हा शिकावं लागलं, डावा हात उजव्याचं काम करायला लागला. परत आल्यावर तिने दोन्ही ठेवलं. उभट भांडी पहिल्या दिशेने, वाडगे जपानी दिशेने. तिच्या विजेच्या चाकाला दिशा बदलायचा खटका आहे. भांड्याच्या तळाशी बोटांची जी गोल रेघ उरते ती त्यामुळे एकात एकीकडे वळते, दुसऱ्यात दुसरीकडे. प्रदर्शनात हे कुणी कधी ओळखलं नव्हतं. काकांनी ओळखायला चार सेकंद घेतले असतील.

रात्री भट्टी भरली. भांडी चिकटू नयेत म्हणून खाली शिंपले, त्यांच्या पोटात उष्णता सोसणाऱ्या मातीचा गोळा. तिसऱ्या आणि खुबे खाऊन उरलेले शिंपले अक्का वर्षभर धुऊन साठवते. भट्टीत शिंपल्याचा चुना होतो, मग पाणी लागलं की आपोआप भुगा. भांड्याच्या कुशीवर शिंपल्याच्या रेषा मात्र राहतात. गॅलरीला हवा असलेला समुद्र हा असा येतो, पण त्यात दिखाऊपणा नाही. टेकू लागतो आणि शिंपले फुकट आहेत.

पेंढा खारवलेल्या पाण्यात भिजवून काही वाडग्यांना गुंडाळला. जपानात बिझेनची मंडळी भांड्यांना भाताचा पेंढा गुंडाळून भाजतात. पेंढ्यातल्या क्षारांनी मातीवर लाल पट्टे उमटतात, त्याला हिदासुकी म्हणतात. खाजनातल्या पेंढ्याने लाल जरा जास्त चढतो असं अक्काचं मत. मीठ पेडण्याच्या बाजूच्या मिठागरातलं.

शनिवार : विस्तव

पहाटे चारला सुरुवात. पहिले काही तास अगदी छोटा जाळ, कारण मातीत अडकलेलं पाणी हळू निघालं पाहिजे. घाई केली की भांडं आतून उडतं. ५७३ अंशांना मातीतली गारगोटी आकार बदलते, तेव्हाही सांभाळून. मग काजूच्या आणि फणसाच्या लाकडाच्या फोडी, आणि सॉ-मिलवरच्या फळ्यांचे काठ. दुपारनंतर एकीने झाकण उघडायचं, दुसरीने फाटी सारायच्या, झाकण बंद, धूर येतो, धूर जातो, पुन्हा. माझ्या भुवया थोड्या जळल्या.

या तासांत गप्पा होतात त्या वेगळ्याच. तोंड भट्टीकडे असतं, त्यामुळे माणूस खरं बोलतो.

पुदुच्चेरीचं गोल्डन ब्रिज पॉटरी १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी उभं केलं. अक्काच्या पिढीतल्या कितीतरी जणांचं ते घराणंच. तिथे जळण सुरूच्या झाडाचं, किनाऱ्यावर मुबलक. वारा असा की भांडं सकाळी केलं तर दुपारी फार सुकलेलं. म्हणून ती प्लास्टिकमध्ये गुंडाळायला शिकली. आंद्रेट्याला गुरचरण सिंगांच्या कुटुंबाचं काम चालतं. सरदारजींनी १९१९ मध्ये जपानला जाऊन शिकून दिल्लीत स्टुडिओ पॉटरी रुजवली होती. तिथे थंडीत बादलीतली माती गोठायची आणि सकाळी तिच्यात बर्फाच्या काड्या दिसायच्या, म्हणून काम दुपारी बारा ते चार. चार तासांत काय होईल तर लहान भांडी. अक्काचे छोटे वाडगे तिथले. गोव्यात पावसाळ्यात जून ते सप्टेंबर भांडं सुकतच नाही. जाड काढलं की तडकतं, म्हणून कडा पातळ झाल्या. गॅलरीच्या मागच्या पत्रकात या पातळ कडांना "ध्यानमग्न नाजूकपणा" म्हटलं होतं. बुरशी येत होती हो!

माशिकोबद्दल मी विचारलं. जपानी कुंभार हामादा शोजी १९२४ मध्ये तिथे स्थायिक झाले तेव्हा ते टोकियोच्या स्वयंपाकघरांना रांजण आणि खल पुरवणारं गाव होतं. माती रवाळ, नाजूक कामाला नालायक. हामादांनी माती बदलली नाही, स्वतःचे आकार जाड केले. तिथली तांबूस झिलई जवळच्या एका दगडाची पूड करून होते. त्याआधी हामादा इंग्रज कुंभार बर्नार्ड लीचबरोबर इंग्लंडमध्ये सेंट आयव्हजला होते. लीचचा जन्म हाँगकाँगचा, कुंभारकामाची उमेदवारी जपानात. दोघांनी १९२० मध्ये कॉर्नवॉलच्या टोकाला जपानी पद्धतीची चढती भट्टी बांधली, तीही जिथे जळाऊ लाकडाची टंचाई होती तिथे. हामादांचं स्वतःबद्दलचं एक बोलणं प्रसिद्ध आहे : वाट क्योतोत सापडली, सुरुवात इंग्लंडमध्ये झाली, शिकलो ओकिनावात, वाढलो माशिकोत.

"बघ," मी म्हटलं, "असंच काहीतरी तुझं लिहू."

"त्यांचं खरं आहे. माझं तसं क्रमाने झालेलं नाही. मी प्रत्येक गावात जाऊन आधी नापास झाले." तिने दोन फाटी सारल्या. "आणि लोक समजतात की गाव आपल्याला काहीतरी देतं. गाव नाही म्हणतं. हे मिळणार नाही, ते जमणार नाही. मग जे उरतं त्याच्यात आपण काम करतो."

मला हे पटतं, पण अर्धंच. गाव नाही म्हणतं हे ठीक, पण त्या नकाराला जुळवून घेणारा हात मागच्या गावातून आलेला असतो. माशिकोत दगडाची पूड करून झिलई करणारी माणसं पाहिली नसती, तर डिचोलीची वितळलेली माती तिने खरवडून फेकली असती. तिला हे बोलून दाखवलं. ती "असेल" म्हणाली आणि उष्णतेचे सुळके (ठरल्या तापाला वाकणारे मातीचे छोटे सुळके) बघायला वाकली.

संध्याकाळी सातला नऊ नंबरचा सुळका वाकला. पूर्वी या घडीला ती मूठभर मीठ कागदात गुंडाळून आत टाकायची. मिठाची वाफ होऊन भांड्यावर काचेचा पापुद्रा चढतो, पण बाहेर पडणारा पांढरा धूर आम्लाचा. घरमालकीण काकींची दोरीवरची कापडं आणि पलीकडच्यांच्या पोफळी, दोन्हींकडून तक्रार आली. आता खायचा सोडा पाण्यात विरघळवून औषध फवारायच्या पंपाने मारते. पृष्ठभाग वेगळा येतो, एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कोरडा. तिच्या अलीकडच्या कामाची ओळख म्हणून जे अर्धं चकचकीत अर्धं कोरडं अंग सांगितलं जातं, त्याचा उगम काकींच्या धुण्यात आहे.

साडेनऊला दहा नंबर वाकला. सगळी तोंडं मातीने लिंपली आणि पेज-लोणचं खाऊन झोपलो.

रविवार

भट्टी निवत होती. काही करायचं नाही. पोदेर पाव देऊन गेला. मी टिपणाचे दोन खर्डे केले. पहिल्यात "प्रवाह" हा शब्द आला म्हणून तिने खोडला. दुसरा तिला "श्रद्धांजलीसारखा" वाटला.

सोमवार : दार उघडलं

सकाळी भट्टीच्या दारातून हात घातला तर अजून चटका बसत होता. अक्काने दाराच्या विटा उलट्या क्रमाने काढून ओळीत मांडल्या. पहिल्या फळीवर चहाचे पेले, ठीक. पेंढ्याचे वाडगे चांगले निघाले, लाल पट्टे गडद, एकावर तर पेंढ्याच्या गाठीचीही खूण. डिचोलीच्या झिलईची उभी बरणी वर काळी आणि खाली तपकिरी, जिथे ओघळ जाड झाला तिथे जांभळट. एक ताटली फळीलाच चिकटली, ती छिन्नीने काढताना गेली.

मागच्या फळीवरच्या एका मोठ्या वाडग्याच्या मध्यावर हिरव्या काचेचा थेंब पडला होता, वाटाण्याएवढा, पारदर्शक. मला तो दोष वाटला. अक्काने वाकून कमानीकडे बोट दाखवलं. तिथल्या विटांची आतली बाजू वर्षानुवर्षांच्या राखेने आणि सोड्याने काचेसारखी झालेली आहे. खूप तापली की ती काच घळते. विटेवरचा क्रमांक बाहेरून वाचता येतो, आणि कमानीच्या मधल्या विटा पुदुच्चेरीपासूनच्या. त्या काचेचा बराचसा थर सुरूच्या राखेचा, कारण तिथे जितक्या भट्ट्या लागल्या तितक्या पुढे बेळगावला किंवा इथे लागल्या नाहीत.

"हा विकायचा नाही का?"

"विकायचा. किंमत जास्त लावायची."

दुपारी गॅलरीचं टिपण तिने स्वतःच माझ्या फोनवर सांगून लिहवलं :

"माती : थानगढ, बिकानेर. झिलई : डिचोलीच्या शेतातली माती, काजूची राख, भाताच्या तुसाची राख. पेंढा : दिवाडी. मीठ : पेडणे. टेकू : तिसऱ्यांचे शिंपले. जळण : काजू, फणस, सॉ-मिलचे काठ. भट्टी : पुदुच्चेरीच्या विटा. चाक : दोन्ही दिशांनी."

तासाभरात उत्तर आलं. खूप इंटरेस्टिंग आहे, पण अजून थोडं भावनिक करता येईल का, आणि शब्द दोनशे हवेत, हे तर पन्नासही नाहीत.

"नाही म्हणून कळव," अक्का म्हणाली. "आणि बेळगावात ट्रकवाल्याचा नंबर मिळतो का बघ. करार मे महिन्यात संपतोय, काकींचा मुलगा पुण्याहून परत येतोय राहायला. पावसाआधी विटा हलल्या पाहिजेत."

कुठे, ते तिने अजून ठरवलेलं नाही. कुडाळकडे एक जागा बघून ठेवली आहे, तिथली माती पिवळट आहे म्हणे.